मराठी पुस्तकाची खरी फाइल कुणाकडे असते?

मराठी पुस्तक छापून झालं की लेखकाच्या हातात ठरलेल्या प्रती येतात, आणि मागितलीच तर एक पीडीएफ. मजकूर मात्र डीटीपी करणाऱ्याच्या, म्हणजे पानं लावणाऱ्याच्या, संगणकात राहतो, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये, कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये. काही वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची म्हटलं की शोधाशोध सुरू होते. कधी संगणक मोडीत गेलेला असतो, कधी ऑपरेटरने काम सोडलेलं असतं, कधी फाइल सापडते पण ती उघडायला लागणारा फॉन्ट सापडत नाही. मग पुन्हा टायपिंग, पुन्हा प्रुफं आणि पहिल्या आवृत्तीत नसलेल्या नव्या चुका.

हे टाळता येतं. युनिकोडमधली (म्हणजे जिथे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो), खुल्या स्वरूपातली मजकुराची फाइल हा पुस्तकाचाच भाग मानला पाहिजे. लेखकाने ती छापील प्रतींइतक्याच हक्काने मागितली पाहिजे, आणि पुस्तक सरकारी पैशातून निघालं असेल तर ती देणं बंधनकारक हवं. या वाटेवरचा सगळ्यात मोठा अडसर आपण स्वतः उभा केला आहे, तो म्हणजे ‘फुकटात पडतं’ म्हणून वापरलेलं क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेलं, सॉफ्टवेअर.

जुना फॉन्ट म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की संगणकात साठतात ती इंग्रजीतली ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरं. पडद्यावर म, र, काना, ठ आणि वेलांटी दिसते ती केवळ फॉन्टने त्या जागांवर मराठी आकार बसवलेत म्हणून. अशा फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा. त्यात पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, रफार, जोडाक्षरं असं सगळं कोंबायचं. ते कुठल्या क्रमाने कोंबायचं हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. त्यामुळे कृतिदेवचा नकाशा वेगळा, श्रीलिपीचा वेगळा, आकृतीचा वेगळा, सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेच्या डीव्हीबी-टीटी फॉन्टचा वेगळा. फॉन्ट बदलला की मजकुराचा अर्थच जातो.

या फॉन्टना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते आले तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे प्रमाणक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून आलं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण सामान्य संगणकावर देवनागरी युनिकोड नीट दिसायला विंडोज २००० आणि त्यातला मंगल फॉन्ट यावा लागला. मधल्या काळात मराठी वृत्तपत्रं, पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक निघाले ते या फॉन्टच्या जोरावर. प्रश्न आजचा आहे. केंद्र सरकारने २००९ मध्येच ई-प्रशासनासाठी मजकुराला युनिकोड आणि फॉन्टला ओपनटाइप ही प्रमाणकं ठरवली. तरी आजही नवं पुस्तक जुन्या फॉन्टमध्ये लावलं जातं, याचं समर्थन करता येत नाही.

‘जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत की, लागेल तेव्हा बदलून घेऊ’ असं सांगितलं जातं. कन्व्हर्टर आहेत, त्यातले काही चांगलेही आहेत, पण काम तेवढ्यावर भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. रफार उलटा: जुन्या फॉन्टमध्ये अक्षर, काना-मात्रा सगळं झाल्यावर शेवटी, तर युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त आधी. म्हणजे कन्व्हर्टरला नुसती अदलाबदल करून चालत नाही, चिन्हं उचलून योग्य जागी न्यावी लागतात. ‘निर्मिती’ किंवा ‘विद्यार्थ्यांनी’ अशा शब्दांत वेलांटी, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षर एकत्र आलं की भले भले कन्व्हर्टर अडखळतात.

दुसरी अडचण ऑपरेटरच्या सवयींची. जुन्या फॉन्टमध्ये शब्द डोळ्यांना बरोबर दिसला की काम झालं, आत काय साठलंय याची पर्वा करायचं कारण नसे. म्हणून ‘दुःख’मधल्या विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन, ‘ख’च्या जागी र आणि व शेजारी शेजारी, अनुस्वार कधी मात्रेच्या आधी तर कधी नंतर. छापलेल्या पानावर हे कुणाला कळत नाही. रूपांतर केलं की सगळं उघडं पडतं.

ज्यांच्याकडे जुन्या फाइली आहेत त्यांनी त्या आताच बदलून ठेवाव्यात. क्रम असा ठेवावा. मूळ फाइलची प्रत बाजूला काढा आणि काम प्रतीवर करा. पेजमेकरमधून मजकूर आरटीएफ या फॉन्टची नोंद जपणाऱ्या स्वरूपात बाहेर काढा. नुसता टेक्स्ट काढलात तर कुठला तुकडा इंग्रजी फॉन्टमध्ये होता ही खूण पुसली जाते, आणि मग कन्व्हर्टर लेखकाचा ईमेल पत्ता आणि इंग्रजी संदर्भसूचीसुद्धा ‘मराठी’ करून टाकतो. फॉन्टचं नाव क्रमांकासकट टिपून घ्या, कारण एकाच कंपनीच्या दोन मालिकांचा नकाशा एकच असेल याची खात्री नसते. सगळं पुस्तक एकदम न घालता दोन पानं घालून पाहा, आणि त्यात ‘ऱ्हस्व’, ‘हृदय’, ‘आर्द्र’, ‘द्वंद्व’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘ऑक्टोबर’ असे शब्द मुद्दाम घाला. मग पूर्ण मजकूर बदलून झाल्यावर तुटक वर्तुळ शोधा. युनिकोडमध्ये मात्रा आधाराशिवाय पडली की तिच्याजवळ हे वर्तुळ दिसतं, ते दिसेल तिथे चूक नक्की आहे. एवढं झालं की एक पूर्ण प्रूफ वाचावं लागतंच. ते टाळून छापलेली पुस्तकं पाहिली की वाईट वाटतं.

युनिकोडमध्ये थेट टाइप केलं तरी दोन गोष्टी जपाव्या लागतात. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती युनिकोडच्या २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’ टाइप करून वर चंद्र देत, आणि अजून पुष्कळ जण तसंच करतात. दिसायला दोन्ही सारखी, पण संगणकाच्या लेखी वेगळी. ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चंही तसंच: कुणी ‘ऱ’ला हलन्त देतो, कुणी साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतो. एकाच पुस्तकात दोन्ही पद्धती आल्या की शोध अर्धाच लागतो आणि शब्दसूची बिघडते. प्रकाशकाने एक पद्धत ठरवून सुरुवातीलाच शोधा-आणि-बदला चालवलं, तर काही मिनिटांचं काम आहे.

मग पीडीएफ आहे ना? पीडीएफ हे छापलेल्या पानाचं चित्र आहे. ती आकार आणि त्यांच्या जागा जपते. मजकूर परत मिळवून देण्याची हमी ती देत नाही. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून कॉपी केलं तर हाती इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. युनिकोड फॉन्टच्या पीडीएफमधूनही देवनागरी अनेकदा मोडकी येते, कारण आत जोडाक्षराचा तयार आकार असतो आणि त्याचं मूळ अक्षरांशी नातं प्रत्येक सॉफ्टवेअर नीट लिहून ठेवत नाही. याचा सर्वांत कडू अनुभव अंध वाचकाला येतो. एनव्हीडीएसारखा मोफत आणि खुला स्क्रीन-रीडर युनिकोड मराठी वाचून दाखवतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो इंग्रजी अक्षरं म्हणूनच उच्चारणार. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी सुगम प्रत तयार करण्याची मुभा दिली, अंधांसाठी अशा प्रती काढणं सोपं करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. कायद्याने उघडलेलं हे दार आपण फॉन्ट निवडताना बंद करतो.

आता चोरीच्या सॉफ्टवेअरकडे. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ ची, त्यानंतर नवी मुख्य आवृत्ती आली नाही. या प्रोग्रामला युनिकोड देवनागरी कळत नाही. तो चालवायला जुनं विंडोज लागतं म्हणून कित्येक ठिकाणी विंडोज एक्सपी किंवा ७ चे संगणक सांभाळून ठेवलेत. एक्सपीला मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, ७ ची १४ जानेवारी २०२० ला. क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद, इंटरनेट बंद, आणि दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह त्याच संगणकात. लेखकाच्या पुस्तकाची एकमेव प्रत अशा ठिकाणी ठेवलेली असते.

कायद्याची बाजू पुष्कळांना ठाऊक नसते. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक-प्रोग्राम ही साहित्यकृती मानली आहे, म्हणजे कादंबरीला जे संरक्षण तेच सॉफ्टवेअरला आणि फॉन्टच्या फाइललाही. कलम ६३-ब सांगतं की बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. डीटीपीचं दुकान हा धंदाच आहे, तिथे ती सवलत लागू होत नाही. जो प्रकाशक स्वतःच्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरली म्हणून चिडतो, त्याची ती चीड रास्त आहे. पण ते पुस्तक क्रॅक केलेल्या प्रोग्रामवर आणि कॉपी करून आणलेल्या फॉन्टमध्ये लावलेलं असेल, तर त्याच्या तक्रारीचं वजन कमी होतं. दोन्हीकडे कायदा एकच आहे.

अधिकृत प्रत घेणाऱ्याला कायदा जे हक्क देतो तेही चोरीची प्रत वापरणारा गमावतो. कलम ५२ नुसार कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप घेता येतो. दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती काढून घेण्याचीही मुभा त्याच कलमात आहे. जुन्या फॉन्टचा कन्व्हर्टर बनवू पाहणाऱ्याला हाच आधार उपयोगी पडतो. पण त्यासाठी फॉन्ट विकत घेतलेला हवा.

पैसे नाहीत म्हणून चोरी, ही सबब दहा-पंधरा वर्षांपूर्वी समजून घेता आली असती. आज नाही. लिबरऑफिस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, खुलं आहे, आणि कथा-कादंबरी किंवा वैचारिक पुस्तकाचा आतला मजकूर लावायला पुरेसं आहे. त्यात सुरुवातीला एक गोष्ट करावी लागते, जी न केल्यामुळे लोक वैतागून सोडून देतात. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिपीचा पर्याय चालू करायचा आणि तिथे भाषा मराठी निवडायची. ती हिंदी राहिली तर हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात. मराठी निवडली की ज्या ओपनटाइप फॉन्टमध्ये सोय आहे तिथे पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ आपोआप मिळतात. दुसरं, परिच्छेदाच्या शैलीत इंग्रजीसाठी आणि देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार स्वतंत्र असतो. एकच बदलला तर पानावर काहीच झालं नाही असं वाटतं. डेमी आकार हवा तर पानाची मापं ५.५ गुणिले ८.५ इंच द्यायची. शीर्षकं, उपशीर्षकं, तळटिपा या शैलीतूनच द्यायच्या, हाताने ठळक करत बसायचं नाही, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि त्याच फाइलमधून ई-पब हे ई-पुस्तकाचं स्वरूपही निघतं.

मुखपृष्ठाला आणि चार रंगांच्या कामाला स्क्रायबस हा मोफत, खुला प्रोग्राम आहे. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीपासून त्यात देवनागरी जोडाक्षरं व्यवस्थित बसतात. मात्र शेकडो पानांचा सलग मजकूर त्यात टाकला की तो हळू पडतो, म्हणून आतली पानं लिबरऑफिसमध्ये आणि मुखपृष्ठ स्क्रायबसमध्ये अशी वाटणी बरी. लिबरऑफिसच्या पीडीएफमध्ये काळा रंग पडद्याच्या रंगपद्धतीत जातो. छापखान्याच्या यंत्रणेने त्याचे चार शाईंत तुकडे केले, तर बारीक अक्षरांच्या कडा रंगीत दिसतात. छापखान्याला ‘आतली पानं एकरंगी, फक्त काळी’ असं लेखी सांगावं आणि प्लेट निघण्याआधी तपासून घ्यावं. ज्यांना इनडिझाइन हे पानं लावायचं विकतचं सॉफ्टवेअरच हवं त्यांनी ते वर्गणी भरून जरूर घ्यावं. त्यात परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा. तो नसेल तर वेलांटी भलत्या जागी पडते आणि हलन्त उघडे राहतात, आणि ‘युनिकोड इनडिझाइनमध्ये चालत नाही’ असा गैरसमज पसरतो.

‘युनिकोडमध्ये चांगले फॉन्ट नाहीत’ हा आक्षेप मी फार गांभीर्याने घेतो, कारण पुस्तकाचं पान सुंदर दिसलंच पाहिजे. एके काळी तो खरा होता, मंगलमध्ये कादंबरी छापणं शिक्षाच ठरली असती. आता राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे, त्याच्या आधारावर आयआयटी मुंबईत घडलेला शोभिका आहे, मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू आहेत, नोटोची देवनागरी कुटुंबं आहेत. हे सगळे सिल ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. हा परवाना काय देतो ते नीट पाहा: व्यावसायिक पुस्तकात वापरा, पीडीएफमध्ये आणि ई-पुस्तकात अंतर्भूत करा, दुसऱ्याला द्या, बदल करा. फक्त फॉन्ट सुटा विकायचा नाही, आणि बदललेली आवृत्ती त्याच परवान्याखाली ठेवायची. तुमच्या मजकुरावर मात्र हा परवाना कसलाही हक्क सांगत नाही. तरीही सजावटी, वर्तमानपत्री मथळ्याच्या धाटणीच्या फॉन्टची विविधता जुन्या संग्रहांत जास्त आहे, हे मान्य केलं पाहिजे. त्या कंपन्यांचेही युनिकोड फॉन्ट मिळतात, ते पैसे देऊन घ्यावेत.

ऑपरेटरच्या वेगाचा मुद्दा उरतो. रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर वर्षानुवर्षं हात बसलेल्या माणसाला इनस्क्रिप्ट ही वेगळी कीबोर्ड-मांडणी शीक म्हणणं अन्यायाचं आहे, आणि त्याची गरजही नाही. रेमिंग्टन मांडणीनेच थेट युनिकोड टाइप करणारे कीबोर्ड-ड्रायव्हर उपलब्ध आहेत. बोटं तीच, साठवण वेगळी.

हक्काचा भाग लेखकांनी समजून घ्यावा. टाइप केल्याने किंवा पानं लावल्याने मजकुराचा कॉपीराइट डीटीपीवाल्याकडे जात नाही. तो मूळ लेखकाचा असतो, आणि प्रकाशकाकडे जायचा तर लेखी करारानेच. कलम १९ सांगतं की करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरावी, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट घातली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाहीत. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ मध्ये आली. लेखकाकडे ई-पुस्तकाचा हक्क कागदावर असतो, पण मजकुराची फाइल नसेल तर तो वापरायचा कसा? हक्क आणि फाइल दोन्ही एकाच हाती असल्याशिवाय त्यातून काही निघत नाही.

फाइल दिली तर ती फुटेल, ही प्रकाशकांची भीती खोटी नाही. पण पुस्तकं फुटतात ती बहुतेक छापील प्रत स्कॅन करून, मोबाइलने फोटो काढून. लेखकाला दिलेल्या फाइलमुळे तो धोका वाढत नाही. आणि फाइल दडवून ठेवण्याची किंमत फार मोठी आहे. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. १९५० मध्ये गेलेल्या साने गुरुजींचं लेखन २०११ पासून सर्वांचं झालं. ते आणि त्यांच्या पिढीचं साहित्य मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयात आणायचं तर कार्यकर्त्यांना पान पान स्कॅन करून, यंत्राकडून अक्षरं ओळखून घेऊन, मग डोळ्यांनी तपासत बसावं लागतं. त्या काळी संगणक नव्हता, म्हणून इलाज नाही. आज संगणकावरच जन्मलेल्या पुस्तकांवर पुढच्या पिढीला तीच मेहनत करायला लावणं अक्षम्य आहे.

सरकारने काय करावं हेही स्पष्ट आहे. ग्रंथ प्रदान कायदा, १९५४ प्रमाणे प्रकाशकाला नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावी लागते. ती व्यवस्था कागदी प्रतीची आहे. महाराष्ट्राला ती बदलायची वाट पाहण्याची गरज नाही. साहित्य संस्कृती मंडळाचं अनुदान, नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला मिळणारं साहाय्य, विद्यापीठांची प्रकाशनं, इतकंच काय शासकीय समित्यांचे अहवाल, हे सगळं सार्वजनिक पैशातून निघतं. त्यांच्या अटींत दोन ओळी वाढवायच्या: युनिकोड मजकूर ओडीटी स्वरूपात (लिबरऑफिसच्या खुल्या फाइलमध्ये) जमा केल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही, आणि ती फाइल लेखकाच्या कॉपीराइटच्या मुदतीत संस्थेकडे बंद राहील, मुदत संपताच खुली होईल. ओडीटीच का, तर तिचं प्रमाणक २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ती उघडायला एकाच कंपनीच्या प्रोग्रामवर अवलंबून राहावं लागत नाही.

खासगी प्रकाशकाकडे पुस्तक देणाऱ्या लेखकाने करारावर सही करण्याआधी हेच कलम मागावं: अंतिम प्रूफ झाल्यावर, छपाईला गेलेल्या मजकुराशी तंतोतंत जुळणारी युनिकोड ओडीटी फाइल आणि मुखपृष्ठाची मूळ फाइल, वापरलेल्या फॉन्टच्या नावांसह, छपाईनंतर ३० दिवसांत लेखकाला द्यावी. ‘अंतिम प्रूफ झाल्यावर’ हे शब्द सोडू नयेत. शेवटच्या दुरुस्त्या बहुतेक वेळा थेट लावलेल्या पानांवर होतात आणि मूळ मजकुरात परत येतच नाहीत. फाइल मिळाली की छापील पुस्तकातली कुठलीही पाच पानं तिच्याशी ताडून पाहावीत, आणि मगच पोच द्यावी.